समुद्राकडे तोंड केलेला रॅम्प

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त आर्किटेक्ट, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी स्वतःबद्दल फार बरे लिहिले होते.

१. राहते घर मुलीला. पश्चिमेच्या खिडकीतून पाणी झिरपते. 'उद्या बघतो' म्हणत मी तीस वर्षे काढली. तिच्या आईने यावरून मला जे जे ऐकवले ते रास्त होते.

२. नकाशे काढायचे टेबल आणि पट्ट्याही मुलीलाच, कारण ती याच व्यवसायात आहे. टेबलाच्या डाव्या पायाखालची कागदाची घडी काढू नये, ते डुगडुगते.

३. कॅमेरा धाकट्या भावाला. वडिलांच्या आजारपणात तो एकदाही फिरकला नाही, हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगत आलो. 'येऊ नकोस, मी समर्थ आहे' असे त्याला मीच कळवले होते, एवढे सांगायचे राहिले.

४. कपाटातल्या खालच्या खणात तीन पत्रे आहेत. ती माझ्या ~~मृत्यूनंतर~~ नगरपालिकेला द्यावीत. कारण लिहितो.

किनाऱ्यालगतच्या सखल भागातले अग्निशमन केंद्र माझ्या हातचे. चक्रीवादळात टिकेल अशी इमारत हवी होती. मी ती उंच खांबांवर उचलली, वारा अडू नये म्हणून कोपरे गोल केले, छप्पर पोलादी पट्ट्यांनी पायापर्यंत जखडले, जनरेटर वरच्या मजल्यावर चढवला. बंब खाली उतरायला लांब रॅम्प दिला, समुद्राकडच्या रस्त्यावर.

केंद्रप्रमुखांना सगळे दादा म्हणत. त्यांनी मला तीनदा हाताने पत्र लिहिले, नक्कल न ठेवता. मागच्या अंगाला जुना बांध आहे, त्यावरचा रस्ता कधी बुडत नाही, रॅम्प तिकडे उतरवा, एवढेच मागणे. शेवटी ते ऑफिसात आले.

"साहेब, इमारत टिकेल हो. पण आम्ही बाहेर कसं पडायचं?"

"तुम्ही आग विझवा, नकाशे मी बघतो," मी म्हणालो. वर हेही सुनावले, की सही अडवली तर काम वर्षभर लांबेल. त्यांनी सही केली. खरे कारण असे, की रॅम्प मागे नेला असता तर समोरून नुसती भिंत दिसली असती. मला फोटो हवा होता.

चौथ्या वर्षी वादळ आले. इमारतीची एक काच तडकली नाही. दुपारी मागच्या गल्लीत एका घराला आग लागली. बंब रॅम्पच्या तळाशी येऊन थांबला, पुढे छातीभर पाणी. जवान कमरेला दोर बांधून पायी निघाले. त्यांना पोचायला पाऊण तास लागला. त्या घरात एक शिक्षिका आणि तिची आई राहत होत्या. दोघी गेल्या.

चौकशीत विचारले गेले, रॅम्पची दिशा कोणी ठरवली? मी नकाशावरची दादांची सही दाखवली. "अग्निशमन दलाच्या संमतीने," मी म्हणालो. पत्रांबद्दल कोणी विचारले नाही, मी सांगितले नाही. दादांना पदावरून काढून गोदामात बसवले. तिथूनच ते निवृत्त झाले. पुढच्या वर्षी न पडलेल्या इमारतीसाठी मला पदक मिळाले. मी ते गळ्यात घालून घेतले.

५. ते पदक कोणालाही देऊ नये. भंगारात घालावे.

६. वरील मजकूर मुलीला वाचायला दिला. तिने वाचला आणि विचारले, "मेल्यावरच का, बाबा?"

म्हणून परवा पत्रे घेऊन दादांकडे गेलो. त्यांनी दारातच, उभ्याउभ्या, तिन्ही वाचली.

"अक्षर बरं होतं की माझं," ते म्हणाले.

"मी चुकलो, दादा. खोटं बोललो."

"आमची ही दोन वर्षांपूर्वी गेली," ते म्हणाले. "शेवटपर्यंत म्हणायची, तुमचंच काहीतरी चुकलं असणार, उगाच कोण कशाला काढेल? ऐकून ऐकून मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

मी म्हणालो, पत्रे आता पालिकेत देतो. "द्या," म्हणाले. आत या म्हणाले नाहीत, आणि मीही ताटकळलो नाही.

सबब कलम ४ मधील 'मृत्यूनंतर' हा शब्द मी खोडला असून 'हयातीतच' असे वाचावे. खाडाखोडीशेजारी सही केली आहे. पत्रे काल दाखल केली. पोच सोबत जोडली आहे.

सही: (मृत्युपत्र करणार)

आम्हां दोघांदेखत वरील सही झाली:
१. सही: शेजारीण, निवृत्त परिचारिका
२. सही: वरच्या मजल्यावरचे घड्याळजी

स्थळ: राहते घर, पश्चिमेची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी २०१९