नवसागराचा ग्लास

पिंपळे गुरव,
रविवार

प्रिय दीपमाला,

परवा तू फोन केलास, माझ्या लेकीला, इराला शिकवाल का म्हणून विचारलंस, आणि मी गुडघ्याचं निमित्त सांगून फोन ठेवला. खडूस म्हातारी म्हणाली असशील. म्हण, पण आधी हे वाच.

गुडघा सुजलाय हे खरंच आहे. खालच्या मजल्यावरचा कुलदीप चाकणला कंपनीत असतो, त्याने प्रथमोपचाराची एक पिशवी आणून दिली. म्हणाला, काकू, मुठीने दाबा, आतली पाण्याची पुडी फुटून क्षारात मिसळली की गुडघ्यावर ठेवा. बर्फ लागत नाही. मी म्हटलं, बाबा रे, तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय, मला नको शिकवूस. दाबली, तर अर्ध्या मिनिटात हात बधिर! मी चिडलेच. गारवा आला कुठून?

चार दिवस पुस्तकं उपसली. भोसरीच्या आपल्या शाळेत मी लिहून द्यायचे, आपोआप होणारी क्रिया उष्णता बाहेर टाकते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी मला तसंच घोकवलं होतं, आणि सिस्टर चुकतात हे मनात आणणंसुद्धा पाप होतं. अगं, स्फटिकातले कण कवायतीतल्या मुलींसारखे रांगेत असतात, पाण्यात पडले की मधल्या सुट्टीसारखे पांगतात. हे पांगणं मोजायचं ते एन्ट्रॉपीने. कण सुटायला लागणारी उष्णता माझ्या गुडघ्यातून ओढली जात होती, तरी क्रिया अडत नव्हती. कारण एन्ट्रॉपीतली वाढ तापमानाने गुणली की त्या उष्णतेला पुरून उरते. शोषलेल्या उष्णतेतून हा गुणाकार वजा केला की मिळतो मुक्त ऊर्जेतला बदल. तो उणे आला की क्रिया आपसूक घडते. उष्णता एकटी काही ठरवतच नाही! साखर विरघळते तीही याच नियमाने आणि लोखंड गंजतं तेही. एवढा मोठा नियम माझ्या गुडघ्यावर चालू होता!

मग नववी ब आठवली. तुझे वडील कल्हई करायचे. तू उभी राहून म्हणालीस, बाई, घरी कल्हईचा नवसागर पाण्यात टाकला तर ग्लास गार पडला, मग तो आपोआप विरघळतो कसा? कल्हईच्या भट्टीपाशी वाढलेल्या पोरीने मला गारवा शिकवू नये, असं मी बोलले. वर्ग हसला. तास संपेपर्यंत तुला दारात उभं केलं. नवसागराची, म्हणजे अमोनियम क्लोराइडची, बरणी माझ्या मागच्याच कपाटात होती, चिमूटभर टाकून बघायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. तू पुन्हा हात वर केला नाहीस आणि दहावीनंतर कॉमर्सला गेलीस.

फोनवर तू म्हणालीस, इरा फार प्रश्न विचारते, शिकवणीवाले वैतागतात. तुझ्या मुलीसमोर बसायची मला लाज वाटली, म्हणून नाही म्हटलं. काल नवसागर आणला, ग्लासभर पाण्यात टाकला. ग्लासाला बाहेरून दव धरलं. तुझंच बरोबर होतं, दीपमाला. अजूनही पाठवावीशी वाटली तर पुढच्या सोमवारी पाच वाजता इराला घेऊन ये. पहिला तास तू घे, ग्लास तिच्या हातात दे. तोवर मी दारात उभी राहीन.

तुझीच, चुकलेली,
मृदुलाबाई