व्हरांड्याचा कॅमेरा

११ ऑगस्ट २००८
सुमन आज पुन्हा निघून गेली. मी सकाळपाळीला होतो. राखेच्या तळ्याच्या रस्त्यावर सापडली, अनवाणी. प्लांटच्या बसच्या ड्रायव्हरने ओळखलं म्हणून, नाहीतर... त्याला म्हणाली, पोंभुर्ण्याला तळ्यावर जातो, आई वाट पाहून राह्यली. पोंभुर्णा तिचं माहेर, पण आई कधीच गेली तिची.
घरी आणल्यावर मी ओरडलो. तिला कळत नाही हे मला कळतं, तरी ओरडतो.

१२ ऑगस्ट
मनूचा पुण्याहून फोन. पोरगी सरळच बोलली. ड्युटीवरून आईला बघता येईल अशी सोय करा, नाहीतर मी तिला नागपूरच्या संस्थेत ठेवते. निवृत्तीला वर्ष उरलंय. एवढं वर्ष निभावलं की मी घरीच आहे. तिथे कोणाला ओळखणार ती? इथे मलाही नेहमी ओळखत नाही, पण इथली मोरी कुठे आहे ते तिला माहीत आहे.
वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये बसून भट्टीतली ज्योत टीव्हीवर बघण्यात माझी सारी नोकरी सरली. भट्टीला कॅमेरा लागतो तर घराला का नाही.

१६ ऑगस्ट
दाराला बाहेरून कुलूप लावून ड्युटीला जातो आता. बायकोला कुलूप.
दुसरी किल्ली मीटरमागच्या खिळ्याला, इंदूबाईसाठी. इंदूबाई मासोळ्या विकते, इरई नदीकडची. कॉलनीतली फेरी झाली की आमच्या व्हरांड्यात टोपलं टेकवायची, पाणी प्यायची, असं वर्षानुवर्षं. आता स्वतःच कुलूप काढून सुमनपाशी बसते, तिच्या गावची बस येईपर्यंत. सुमनला भरवते, वेणी घालते, दोघी एका ताटात जेवतात. बोलतातही खूप. शिकलेलं मराठी सुमन विसरली, माहेरची बोली तेवढी राहिली. मी काही विचारलं की भिंतीकडे बघते.
इंदूबाई गेल्यावरची दुपार, हाच प्रश्न आहे.

२४ ऑगस्ट
कॅमेरे बसले. एक खोलीत, एक व्हरांड्यात. चंद्रपूरच्या दुकानदाराने ब्रॉडबँडच्या मोडेममध्ये काहीतरी उघडून दिलं आणि घराला एक नाव घेऊन दिलं. ते नाव कुठल्याही कॉम्प्युटरवर टाकायचं, पासवर्ड द्यायचा, की घर दिसतं. पासवर्ड कारखान्यातूनच आलेला. म्हणाला, सवडीने बदला.
मनूने फोनवर पहिलं तेच विचारलं, पासवर्ड बदलला का. हो म्हणालो. बदलला नव्हता. नवा ठेवला आणि विसरलो तर? घरात एक विसरणारं माणूस पुरे.

२६ ऑगस्ट
कंट्रोल रूमच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर सुमनला पहिल्यांदा पाहिली. खिडकीशी बसून पदराचं टोक दुमडत होती. जीव भांड्यात पडला. वानखेडे, माझ्याच पाळीतला, मागे उभा राहून बघत होता. काय सोय हाये साहेब, म्हणाला. नाव कसं टाकायचं, पासवर्ड काय, सगळं विचारून घेतलं. त्यालाही म्हाताऱ्या वडिलांसाठी पाहिजे म्हणे. मी सांगितलं. वर कौतुकाने सांगितलं.

२ सप्टेंबर
घरी आलो तर खोलीतल्या कॅमेऱ्याखाली स्टुलावर भाताचं ताट. कोणासाठी विचारलं.
“आत माणूस हाये. त्याले भूक लागली असन.”
थोड्या वेळाने स्वतःहून म्हणाली, “बरा हाये तो. वरडत नाई.”
ताट उचलून आत नेलं. तो भात मीच जेवलो.

९ सप्टेंबर
इंदूबाई आली नाही. काल पण नाही. सुमन तिच्या वेळेला दाराशी जाऊन उभी राहते. मग दार वाजवते. स्क्रीनवर आवाज येत नाही, नुसता हात दिसतो, वर-खाली. पॅनेलवर प्रत्येक काट्याला एक बटण आहे, काटा हलला तर काय दाबायचं ते मला झोपेतही येतं. इथे दाबायला काही नाही.

११ सप्टेंबर
कॉलनीच्या गेटवर इंदूबाई भेटली. मला बघून टोपलं खाली ठेवलं. खिळ्यावरची किल्ली तिच्याच कंबरेला राहिली होती, ती काढून माझ्या हातात दिली.
“भाऊ, मी चोरी केली का?”
हळूहळू कळलं. वानखेडेच्या घरी आमचं घर दिसतं. बायका दुपारी जमतात, चहा पितात, आमचं घर बघतात. त्यांतलीच एक तिला तोंडावर बोलली. मासोळीवाली कुलूप काढून घरात शिरते, साहेबाच्या ताटात जेवते. साहेबानं कॅमेरा उगाच नाही लावला, तुझ्यासाठीच लावला.
मी म्हटलं, अहो सुमनसाठी लावला.
“तुमचं खरं असन. पण पुरी कॉलनी मले पाहून राह्यली होती आन् मलेच मालूम नाई.”
टोपलं मी उचलू लागलो. तिने उचलू दिलं नाही.

१२ सप्टेंबर
वानखेडेकडे गेलो. हसला. म्हणे, वहिनींवर चार जणांचं लक्ष राहते साहेब, चांगलंच हाये ना. सुमन केस मोकळे सोडून, पदराची शुद्ध नसताना बसते. ते या सगळ्यांनी पाहिलं. माझ्या बायकोचा मी तमाशा मांडला, तोही घरपोच.
त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. वाजवली नाही, त्याचंच वाईट वाटतंय.

१४ सप्टेंबर
मनूला खरं सांगितलं. रागावली नाही, कामाला लागली, ते जास्त लागलं. ती फोनवर सांगत गेली, मी करत गेलो. मोडेममध्ये दुकानदाराने उघडलेलं बंद. पासवर्ड नवा, लांबलचक. आता माझं केबिनचं मशीन आणि तिचं पुण्यातलं, एवढ्यांनाच वाट, तीही कुलुपातली. केबिनच्या मशीनवर माझं वेगळं खातं, उठलो की बंद करायचं.
“आता आपल्या दोघांशिवाय कोणाला दिसणार नाही, बाबा.”
आधी करायला पाहिजे होतं. चोर गेल्यावर कडी लावली.

१९ सप्टेंबर
लिहायचं नव्हतं.
युनिट चालू करत होतो. अशा वेळी जागा सोडता येत नाही, सोडली तर बाकीच्यांच्या जिवाशी खेळ. मनूचा फोन आला, बाबा, बघताय का. मोरीचा नळ उघडा राहिलेला. पाणी खोलीभर. सुमन पाण्यात बसलेली, साडी भिजलेली, हाताने पाणी एका बाजूला सारतेय, ते परत येतंय.
“बाबा, जा ना.”
जाता येत नाही म्हटलं. शेजाऱ्यांना सांगा म्हणाली. शेजारी काय करणार, दाराला कुलूप आणि दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात. लेक पुण्यात, मी इथे, दोघं बघत राहिलो. चित्र मात्र स्वच्छ होतं.
तेवढ्यात व्हरांड्याच्या चित्रात इंदूबाई. फाटकाशी थांबली. वर कॅमेऱ्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि आत न येता रस्त्याने पुढे निघून गेली.
बदली माणूस आला तेव्हा पळत गेलो. सुमन थरथरत होती. मला म्हणाली, “तुमी कोन?”

२० सप्टेंबर
सुमनला ताप. मनू नागपूरशी बोलली. पुढच्या आठवड्यात न्यायला येते म्हणाली.

२३ सप्टेंबर
ताप उतरला. इंदूबाईच्या घरी गेलो. नवराबायको अंगणात जाळं दुरुस्त करत होते. मी सगळं समजावलं. नवा पासवर्ड, बंद केलेली वाट, आता कॉलनीत कोणालाच दिसत नाही. शपथ घातली. तिने सगळं ऐकून घेतलं.
“तुमी तं पाहता ना, भाऊ.”
चहा दिला. सुमनबाई जेवते का, विचारलं. मी म्हटलं, कॅमेरे काढले तर याल? नवऱ्याकडे बघितलं तिने, तो जाळ्यातून मान वर करेना. म्हणाली, “सांगता येत नाई.”

२४ सप्टेंबर
ड्युटीवर, केबिनमध्ये.
निघताना दोन्ही कॅमेरे वायरींसकट उपसून काढले; व्हरांड्यातला नाही हे फाटकावरूनही दिसतं. सुमन बघत होती. त्या माणसाला कुठे नेता, असं विचारलं तिने. मी ओरडलो नाही. कुलूप लावलं. किल्ली परत खिळ्याला.
स्क्रीनवर दोन काळे चौकोन. मनूचा फोन आला, बाबा, काहीच दिसत नाहीये. लाइन गेली असेल म्हणालो. रात्रीपर्यंत तिला कळेलच. मग नागपूर.
इंदूबाईची फेरी संपायची वेळ झाली. होऊनही गेली असेल. आली की नाही कळायला काही मार्ग नाही, आणि पाळी सुटायची आहे अजून. समोरच्या टीव्हीवर भट्टीतली ज्योत नीट जळते आहे.