तिच्या नावाने येणारे टपाल

मी, खाली सही करणारा, छापखान्यातला निवृत्त कटिंगवाला, ज्याला सगळा छापखाना 'कात्री' म्हणून ओळखत असे, आज राहत्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसून माझे शेवटचे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसे लेखी दिले आहे, आणि माझ्या धाकट्या भावाला ते पटत नसेल तर त्याने आधी स्वतःचे तपासून घ्यावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. यापूर्वी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे.

कलम १. घर

खालच्या दोन खोल्या, वरची एक खोली, मागचे अंगण आणि फाटकावरची टपालपेटी यांसह हे घर मी माझ्या भाचीला देत आहे. ती दाताच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर लोकांचे वासलेले जबडे बघून घरी येते आणि तरीही माझ्याशी हसून बोलते. माझी पत्नी गेली तेव्हा "मामा, महिनाभर राहते" म्हणून आली, ती राहिलीच. त्या काळात भावाचे फोन आले ते घराची कागदपत्रे कुठे ठेवली आहेत हे विचारायला. त्याचे उत्तर त्याला या कलमात मिळाले असेलच.

पण एक अडचण आहे. भाची म्हणते, "मामा, घर द्या, नका देऊ, तुमची मर्जी. पण ते टपाल थांबल्याशिवाय मी इथे एकटी राहायची नाही." ती हट्टी नाही. ती घाबरली आहे, आणि तिला घाबरलेली ठेवून मला जायचे नाही. म्हणून हे टपाल काय आहे ते आधी लिहितो, नाहीतर पुढची कलमे कोणाला कळायची नाहीत.

कलम २. टपालाविषयी खुलासा

आमच्या छापखान्यात कॅटलॉग छापून, कापून, पत्ते चिकटवून रवाना होत. पत्त्यांच्या यादीत मालकाचा जीव अडकलेला. कोणी ती चोरून दुसऱ्याला विकली तर कळावे म्हणून एक युक्ती होती. प्रत्येक कामगाराने यादीत आपल्या घरचा पत्ता घालायचा आणि त्यावर एक खोटे नाव द्यायचे. त्या नावाने परक्या कंपनीचे टपाल आले की समजायचे, यादी फुटली. कोणी कुत्र्याचे नाव दिले, कोणी मांजराचे. एकाने सासूचे दिले. ती खोटीच आहे म्हणाला.

मी घरी येऊन पत्नीला विचारले. ती मशीनवर शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "तिचंच द्या."

त्याच वर्षी आम्हाला मुलगी झाली होती आणि जन्मली त्याच दिवशी गेली होती. नाव ठरवून ठेवलेले होते, घ्यायला कोणी उरले नव्हते. ते मी दिले. वयाच्या रकान्यात शून्य लिहिले.

पुढे यादी फुटली. आमचा फोरमनच ती विकत होता. त्याला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही, शिव्यासुद्धा नाही. मुलीचे नाव मात्र या कागदावर मुद्दाम लिहीत नाही. जिथे जिथे ते लिहिले, तिथून ते पुढे चालत गेले.

आधी दुपटी, झबली, पाळणे आले. मग दप्तरे, मग सायकली. घरात येणारी बाकी सगळी जाहिरातबाजी, गाद्या, विमा, कर्जे, सोफे, मी न उघडता रद्दीत टाकत असे. तिच्या नावाचे मात्र पत्नी पुसून, वाचून वरच्या खोलीत नेऊन ठेवी. मी म्हणायचो, "अगं, वय लिहिलंय ना यादीत. यंत्र दरवर्षी एक मिळवतं, दुसरं काही नाही." ती म्हणायची, "दरवर्षी एक मिळवायचं. आई तरी आणखी काय करते?"

मग चष्म्यांचे कॅटलॉग सुरू झाले. "डोळे तुमच्यावर गेलेत," पत्नी म्हणाली. काही वर्षांनी लग्नाच्या कपड्यांचे येऊ लागले आणि एकाएकी बंद पडले. तेव्हा पत्नीचे चार दिवस जेवणात लक्ष नव्हते. "जमलं नसेल," एवढेच ती बोलली. मी हसलो नाही. हसावे असे तेव्हा वाटलेही नाही.

पत्नी गेली, तेव्हा आम्ही अजून नातेवाइकांनासुद्धा कळवत होतो, आणि टपालात फोटोंच्या चौकटींचा कॅटलॉग आला. मुलीच्या नावाने. वर छापले होते, 'आईची आठवण, कायमची.' मी तो न उघडता वर नेऊन ठेवला आणि दार लावून घेतले.

भाची आल्यावर तिने या कागदांविरुद्ध कंबर कसली. टपालपेटीवर 'जाहिराती टाकू नयेत' अशी पाटी लावली, एकेका कंपनीला फोन केले, पाकिटे 'नाकारले' लिहून परत धाडली. तिची जिद्द मोठी. सगळी रद्दी थांबली. थांबले नाही ते फक्त मुलीच्या नावाचे, उलट वाढले. एकदा भाचीने मी शेजारी बसलेलो असताना एका कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "पण मॅडम, त्या परवा स्वतःच बोलल्या ना आमच्याशी. चालू ठेवा म्हणाल्या. सध्या वडिलांकडेच असतात म्हणे, वडिलांचं वय झालंय."

भाचीने फोन ठेवला, पर्स उचलली आणि फाटकासाठी नवे कुलूप आणले. वरच्या खोलीचे दार तेव्हापासून तिने उघडलेले नाही.

गेल्या महिन्यात आजारी माणसांच्या पलंगांचा कॅटलॉग आला, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद. आत एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. आयुष्यभर कागद कापणाऱ्याला हे सांगावे लागत नाही: कापण्याआधी दुमडलेला कोपरा उलगडला की कागदाला बाहेर कान फुटतो, कारण तेवढ्यावर पाते चालत नाही. मी उलगडून पाहिला. कड बरोबर जुळली. म्हणजे तो कापून झाल्यावर, कोणीतरी वाचता वाचता दुमडला होता. पानावर डोक्याकडून वर होणारा पलंग होता. आडवे झाले की मला धाप लागते, हे डॉक्टर, भाची आणि मी सोडून कोणाला ठाऊक नव्हते.

तो पलंग मी मागवला. झोप चांगली लागते.

कलम ३. बाकी चीजवस्तू

बँकेतली शिल्लक भाचीला. पत्नीचे शिलाई मशीनही तिलाच; ती शिवत नाही, पण विकणार नाही हे मला माहीत आहे. माझी हत्यारे, म्हणजे दाभण, हाडाची पट्टी आणि दोन सुऱ्या, रद्दीवाल्याला. टाकून दिलेली पुस्तके तो बांधायला माझ्याकडे आणतो. आता स्वतः बांधील. सुऱ्यांना धार आहे, त्याने जपून धराव्यात. नवा पलंग एखाद्या रुग्णालयाला द्यावा. भाचीने त्यावर झोपू नये.

शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना माझ्याकडून एक मोठी कचरापेटी. स्वतःच्या जाहिराती ते वर्षानुवर्षे माझ्या टपालपेटीत कोंबत आले आणि वर 'वाऱ्याने आल्या असतील' म्हणत राहिले. एवढा साक्षर वारा मी दुसरीकडे पाहिला नाही.

वरच्या खोलीतले कॅटलॉग रद्दीवाल्याने न्यावेत. मात्र प्रत्येकावरचे पत्त्याचे लेबल आधी सोलून काढावे आणि जाळावे.

कलम ४. टपाल थांबवण्याबाबत

भाचीच्या खटपटीने अखेर एक छापील कार्ड आले आहे. जवळच्या नातेवाइकाने सही करून ते पाठवले की नाव सगळ्या याद्यांतून निघते. कार्डावर कारणाचे तीन चौकोन आहेत: नको आहे; व्यक्ती हयात नाही; पत्ता बदलला. भाची म्हणाली, "मामा, मधल्यावर खूण करा आणि सुटा. खरंच तर आहे ते."

मी पेन घेतले. 'नको आहे' हे मी मेलो तरी लिहिणार नाही. आणि हयात नाही, हे मी एकदा दवाखान्याच्या कागदावर सही करून सांगितले आहे. बाप हे दोनदा लिहून देत नाही.

म्हणून मी तिसऱ्या चौकोनात खूण केली आहे. नव्या पत्त्याच्या जागी 'वडिलांबरोबर गेली' असे लिहून सही केली आहे. मी जाईन त्या दिवशी भाचीने हे कार्ड स्वतःच्या हाताने टपालात टाकावे, एक दिवसही आधी नाही. त्यानंतर घर पूर्णपणे तिचे. वरची खोली उघडावी, खिडक्या मोकळ्या कराव्यात, हवा तो रंग लावावा. मी मुलीला घेऊन गेलेलो असेन.

इथवर लिहून झाले आणि टपालवाला आला. त्याला आज रद्दीवाल्याबरोबर साक्षीदार म्हणून बोलावले होते. त्याला वाटते मला एक मुलगी आहे आणि ती घराबाहेर पडत नाही. मी कधी नाही म्हटलेले नाही. त्याने आजचे टपाल टेबलावर ठेवले. एकच पाकीट होते, प्रवासी बॅगांचा कॅटलॉग. पत्त्यावर पहिल्यांदाच दोन नावे आहेत. वर तिचे, खाली माझे.

त्याने सही करायला पेन मागितले आणि पत्ता वाचून म्हणाला, "काका, दोघंच निघालात? कुठे?"

"लांब नाही," मी म्हणालो.

मला भीती वाटली, हे खरे तेच लिहितो. आणि पत्नी गेल्यापासून वाटले नव्हते इतके बरेही वाटले. खालची सही वाकडी आली आहे, ती माझीच आहे.

सही: मृत्युपत्र करणार, ऊर्फ कात्री

साक्षीदार १: टपालवाला (सही)
साक्षीदार २: रद्दीवाला (सही, मजकूर वाचून दाखवला, समजला)

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: चौदा, शुक्रवार, टपाल आल्यानंतर