रत्तलबाई

गुरुवार, २ जानेवारी

लिही म्हटलं की लिहायचं! बँकेची डायरी दरवर्षी कोरीच रद्दीत जाते. मीही कोरीच — अक्षर ओळखीचं नाही. पण तोंड आहे. हात सून देते, सिद्धेश्वरी. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. लिहू दे. शाळा शिकलीय ना.

तर — मी पणजी झाले! होऊन पंधरा दिवस झाले, मला कळलं काल. दिवाळीत छातीत ठोके सांभाळायला ती डबी बसवली, तेव्हापासून मी या घरात काचेची बरणी. सगळं उशिरा सांगतात, तेही पुसून-पुसून.

नात अक्षता तिकडं इंग्लंडात. तिला मुलगी झाली. अडीच महिने आधीच! आमच्या घरातल्या बायकांना दम नाहीच. पेटीत ठेवलीय, नळ्या लावून. अक्षता फोनवर म्हणाली, "आज्जी, दोन पाउंड पाच औंस. इथली नर्स असंच सांगते."

सिद्धेश्वरी फोनमध्ये किलो शोधायला लागली. मी म्हटलं, "पाउंड म्हणजे आपला रत्तल की! किलोच्या वर थोडं."

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हापासून मागवाल्यांना सुताच्या कांड्या भरून दिल्या. सूत रत्तलावर मोजून मिळायचं, भरलेल्या कांड्या रत्तलावरच मोजून द्यायच्या. सोळा औंसांचा रत्तल. अर्धा औंस कमी भरला तरी मुकादम तोंड सोडायचा — "गौरम्मा, सूत खाल्लंस काय?" "व्हय, शेंगाचटणीसंगं!"

शुक्रवार, ३ जानेवारी

केवढी असेल, कळेना. फोटोला वजन नसतं.

मग ज्वारी काढायला लावली. सिद्धेश्वरीनं काट्यावर किलो आणि वर पन्नास ग्रॅम तोलून दिली. माझ्या जुन्या इरकलीच्या मऊ तुकड्यात बांधली. मांडीवर घेतली.

एवढीशी!

सिद्धेश्वरीला म्हटलं, "घे, तुझी नात." ती मागं सरली. "नको आत्याबाई. मी खरीलाच घेईन. तिकीट काढलंय फेब्रुवारीचं."

काढू दे. बारसं होईपर्यंत मी हिला रत्तलबाई म्हणणार.

सोमवार, ६ जानेवारी

दोन रत्तल आठ औंस! गाठोडं सोडून दोन मुठी ज्वारी घातली. मांडीला फरक कळतो. सिद्धेश्वरी हसते — "आत्याबाई, ज्वारीला पाय फुटतील आता." फुटू दे. पैंजण घालीन.

गुरुवार, ९ जानेवारी

दोन रत्तल नऊ औंस. अक्षता स्वतः बोलली. आवाज दमलेला. "आज्जी, ताप आहे गं तिला. औषध चालू आहे."

एक औंस. मूठसुद्धा भरत नाही. तेवढे दाणे घातले. गाठोडं पदराखाली घेऊन बसले. ज्वारीला थंडी वाजत नाही, मला माहीत आहे.

शनिवार, ११ जानेवारी

महेश्वर — माझा लेक, अक्षताचा बाप — फोन घेऊन गच्चीवर गेला. खाली आला तो चष्मा शोधत बसला. चष्मा डोळ्यांवरच होता.

सिद्धेश्वरी म्हणाली, "दोन रत्तल तेरा औंस, आत्याबाई. ताप उतरला."

दोन दिवसांत चार औंस? "लई खादाड निघाली की! दे अक्षताला फोन."

"झोपलीय ती."

भाकरी करपली होती. सगळ्यांनी तशीच खाल्ली. ज्वारी नंतर घालते म्हटलं.

सोमवार, १३ जानेवारी

आज जत्रेत सिद्धरामेश्वराच्या लग्नाच्या अक्षता पडल्या. याच दिवशी जन्मली म्हणून नातीचं नाव अक्षता. दरवर्षी सिद्धेश्वरी पहाटेपासून आवरत असते. आज म्हणाली, "गर्दी फार असते." मिरवणुकीतल्या नंदीध्वजांची वाजंत्री घरातूनच ऐकली.

वजन विचारलं. भिंतीकडं बघत म्हणाली, "दोन रत्तल सतरा औंस."

मी म्हटलं, "बरं."

"गाठोडं द्या, ज्वारी घालते," म्हणाली. नको म्हटलं. तू लिही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तीळ डब्यातच आहेत.

बुधवार, १५ जानेवारी

आज माझ्या 'हाय'चं 'आहे' करू नगंस, सिद्धे. बोलते तसं लिही.

रत्तलात सतरावा औंस नसतो गं. सोळा झाले की तीन रत्तल म्हनत्यात. शनवारीच मनात पाल चुकचुकली हुती. सतरा म्हनलीस तवा कळलं — आपली पोर गेली. माझ्या छातीतल्या डबीपायी तुमी दोगांनी रडनं गिळलंया. डबीला काय हुत न्हाई. तिला काय कळतंय!

शनवारपासनं मी एक दाना बी घातला न्हाई. गाठोडं दोन रत्तल नऊ औंसाचंच हाय. अक्षतानं तिच्या तोंडानं सांगितल्यालं.

तिकीट र्‍हाऊ दे. रद्द करू नगंस. अक्षता हाय की तितं. तिला आई लागंल.

पर आदी ये हितं. मांडीवर घे तुज्या नातीला. पेन ठेव खाली.