भुईचाफ्याचे सात कंद

१० जानेवारी
उद्या पुण्याला, लेकीच्या बाळंतपणाला. किल्ली शालूकडे. तीस वर्षांचा शेजार, दुसऱ्या कोणाला देणार? कडुनिंबाच्या सावलीतला वाफा बोट दाखवून समजावला. "इथे पाणी नको घालू. पानं गेली, पण खाली भुईचाफा झोपलाय."
"मले येडी समजली का वं?"

२ एप्रिल
परतले. कुंड्या टवटवीत. शा.ला बाकरवडी दिली, खूश झाली.

२१ एप्रिल
ऊन मरणाचं. वाफा अजून रिकामाच. एव्हाना मातीतून थेट फूल वर यायला हवं, पांढरं-जांभळं, पानांच्याही आधी. दादाने जायच्या आदल्या वर्षी रामटेकच्या शेतामागच्या जंगलातून सात कंद आणून दिले. भाऊ गेला, फुलं मात्र कधी चुकली नाहीत.
शा. डोकावली. "काहून वं, यंदा काही उगवून नाही राहिलं?" किती ती काळजी!

२६ एप्रिल
उकरून पाहिलं. एकही कंद नाही. खुरपं लागू नये म्हणून प्रत्येकाशेजारी फुटक्या हिरव्या बांगडीचा तुकडा पुरते मी. तेही गायब. उंदीर काही बांगड्या भरत नाहीत.

२९ एप्रिल
शा.चं स्टेटस. कुंडीत भुईचाफा! "जंगलात स्वतः शोधलेला." ही बाई रामटेकच्या देवळाच्या पायऱ्याही चढत नाही, खाली चपला सांभाळत बसते. फोटो मोठा केला. फुलाच्या बुडाशी हिरवी काच.
हिने? हिने करावं?
मागितला असता तर दिला असता.

३० एप्रिल
कालचं शेवटचं वाक्य खोटं. दोनदा मागितला होता. दोन्हीदा नाही म्हटलं, दादाची आठवण म्हणून. पण म्हणून सातच्या सात? एक नेला असता तर कदाचित गप्प बसले असते.

३ मे
शा. आली, हातात छोटी कुंडी. "घे वं, तुह्ये तर सारेच मेले. माह्याकडचा एक तुले." माझाच कंद, मलाच भेट. आणि मी? थँक्यू म्हटलं, चहासुद्धा केला. स्वतःचीच चीड येते.
ती गेल्यावर कंद वाफ्यात लावला. मातीत हिरव्या बांगडीचा तुकडा सापडला. धुऊन ठेवला.

४ मे
शा.ला तर्री-पोह्याला बोलावलंय. तिच्या बशीशेजारी तुकडा ठेवला. उचलला. परत ठेवला.
फाटक वाजलं. उचलू की