नळाचा आवाज

प्रिय धाकटे,

पत्र बघून दचकली असशील. रविवारी फोनवर भेटतोच, मग ताईला हे काय सुचलं? सांगते. इकडे सगळं बरं आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, आणि त्याहून जास्त आई कुरकुरते.

आपला रविवारचा फोन आठव. बोलायला विशेष काही नसायचंच. मी इकडे भाजी चिरायची, तू तिकडे भांडी घासायचीस, दोघींचे फोन ओट्यावर. कितीतरी वेळ एक शब्द नाही. मध्येच तू विचारायचीस, "ताई, आहेस ना?" मी म्हणायची, "जाते कुठे!" मेहुणेबुवा डोकावून हसायचे, "झाली का मुक्यांची सभा सुरू?" तुझा नळ, पातेल्यांची आदळआपट, तुझं बेसूर गुणगुणणं. आठवडाभरात मला तेवढाच निवांतपणा.

हल्ली तू उलट जास्त बोलतेस. "सगळं छान. तू कशी? आई कशी?" आणि मग गप्प झालीस की तिकडून काहीच येत नाही. नळ नाही, चमचा नाही. तू तुझ्या बाजूचा आवाज बंद करतेस, हे कळायला मला बरेच रविवार लागले. आधी वाटलं, फोन बिघडलाय. मग वाटलं, माझंच काही चुकलं. मग वाटलं, दिवसभर दातांच्या कवळ्या घडवून दमत असेल बिचारी. रोजनिशीत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. राईचा पर्वत करायची माझी खोड तुला ठाऊकच आहे. पण ग्रंथालयात इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतं: वाचणारा माणूस गप्प असतो, आणि तेच एक पान उघडं ठेवून बसलेलाही गप्पच असतो. दुसऱ्यापाशी मी हटकून एक फेरी मारते.

गेल्या रविवारी फार दिवसांनी नळ ऐकू आला. मी सुखावले. तेवढ्यात दाराची कडी वाजली, तुझं गुणगुणणं मध्येच तुटलं आणि मेहुण्यांचा आवाज आला, "परत फोन लावलास?" एवढंच. त्यात हसू नव्हतं. लगेच सगळं बंद.

मी चुकत असेन. चुकत असले तर रविवारी मला वेडी म्हण, मोठ्यांदा, त्यांच्यासमोर. पण कदाचित चुकत नसेन, म्हणून हे पत्र घरी न पाठवता तुझ्या कामाच्या पत्त्यावर पाठवतेय. इकडे आतली खोली तुझ्यासाठी रिकामी करून ठेवली आहे. मी यावं असं वाटत असेल, तर रविवारी फोनवर काही बोलू नकोस, फक्त नळ सोड आणि वाहू दे. मी गाडी पकडेन. आणि फोन पुन्हा तसाच मुका झाला तर? त्याचाही विचार करून झालाय. तेव्हाही येईन. भांडायला नाही गं, तुझ्या ओट्यापाशी उभी राहून भाजी चिरायला.

तुझीच, कुठेही न गेलेली,
ताई