तुल्पारला पडलेला विसर

नारीन, २ मार्च

चि. बेगिमायस, कालमुर्झामामाचे अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक, संगणक सोडून. फोनवर बोललो तर तुझी मामी ऐकेल, म्हणून बिश्केकला निघालेल्या मिनीबसवाल्या झोल्दोशच्या हाती हे पत्र देतोय.

तुझा तो तुल्पार ब्राउझर काल सकाळी कुणाला न विचारता सुधारला. वरच्या पट्टीतले टॅब आता डाव्या कडेला उभे, जणू पावासाठी रांग लावलीय. मागे जायचं बटण गायब. तू म्हणायचीस, हा कुणा एकाचा नाही, जगभरची माणसं अशरसारखी जमतात आणि फुकट बांधतात. अगं, अशरला आपणही जातो, दुसऱ्याच्या घराच्या भिंती रचतो. पण घरधन्याला न विचारता त्याचं दार दुसरीकडे हलवत नाही!

हेही सोसलं असतं. पण दुकानाच्या मेलचा पासवर्ड इतकी वर्षं तोच भरायचा, तो साफ विसरला. अल्माटीच्या नौरूझ मेळ्यात मामीचा शिर्दाक निवडलाय, तो लाल शिंगांच्या नक्षीचा नमदा. ती येतेय की नाही ते त्याच मेलवरून शुक्रवारपर्यंत कळवायचंय, नाहीतर जागा दुसऱ्या बाईला. जन्मभर नमदे लाटले, तेव्हा कुठे तिला कुणी बोलावलंय. पासवर्ड तिनेच घातलेला. विचारलं की चुलीकडे बघत म्हणते, आठवत नाही. कुणाच्या लग्नात पुलाव खारट झाला होता ते आजही सांगणारी बाई ही!

मला वाटलं, माझंच नाव असणार, दुसरं कुणाचं असेल? सरळ घातलं, आडनावासकट घातलं, आई लाडाने हाक मारायची तेही घातलं. शेवटी यंत्रानेच मला बाहेर बसवलं. मेलला जोडलेला जुना फोन तर केव्हाच नदीत पडला. तूच काही कर. सुकवलेले जर्दाळू पाठवलेत. मामावर माया ठेव, तुल्पारवर थोडी कमी केलीस तरी चालेल.

तुझा मामा

---

बिश्केक, ४ मार्च

ती. मामांस, बेगिमायचा शि. सा. न. वि. वि.

जर्दाळू पोचले, राग पण पोचला. टॅब उभे करायचे का यावर आमच्यात मतदान झालं, तेव्हा माझाही हात वर होता. शिव्या इकडेच पाठवा. टॅबच्या पट्टीवर उजवी टिचकी मारा, आडवे करायची सोय सापडेल. मागे जायचं बटण तिथेच आहे, रंग फिका केलाय एवढंच. चष्मा लावा. जुन्या संगणकांवर पासवर्ड पुसले गेले ती चूक मात्र आमची. दुरुस्ती येईल, पण गेलेला पासवर्ड परत येणार नाही.

तो घालताना मामींनी मला पाठ फिरवायला लावली होती. एवढंच म्हणाल्या की ज्यांनी मला लोकर लाटायला शिकवलं त्यांचं नाव आहे. आता तुम्हीच आठवा, कुणी शिकवलं? आणि ते नाव आपल्याकडची सून तोंडी आणते का? मामी विसरल्या नाहीत, लाजताहेत. जन्मात न घेतलेलं नाव एकदा टाइप केलं, ते उघडं पडेल म्हणून मेळा सोडायला निघाल्यात. मामा, त्यांना बोलायला लावू नका हं.

आशीर्वाद असू द्या, टोमणे तर असतातच.

आपली भाची बेगिमाय

---

नारीन, ८ मार्च

चि. बेगिमायस, अजारमामीचे अ. उ. आ.

कळवलं गं, येते म्हणून. परवा यांनी काही विचारलंच नाही. म्हणाले, जरा भिंतीकडे तोंड करून बस. मग एकेक कळ दाबत राहिले. मेल उघडलं. मग म्हणतात कसे, सासऱ्याचं नाव घेतेस, तेही भर दुकानात! मी म्हटलं, बोटाने घेतलं, तोंडाने नाही.

मामंजी गेले त्याच हिवाळ्यात संगणक आला होता. नमदा लाटताना शेजारी बसून चुका काढायचे. ते गेल्यावर एकदा हाक मारावीशी वाटली, म्हणून मारली. हे यांना सांगितलं, तर हे उठून बाहेर गेले आणि नुकतंच पाणी प्यायलेल्या घोड्याला पुन्हा पाणी दाखवत उभे राहिले.

कळलेला पासवर्ड ठेवू नये असं तूच शिकवलंस. नवा घातलाय. या खेपेला यांचंच नाव आहे, नुसतं, साधं. यांना कळू देऊ नकोस, टोपी डोक्यात बसायची नाही.

येताना तुझ्याकडे उतरेन, तेव्हा पोटभर बोलू.

तुझी मामी

---

नारीन, २० मार्च

चि. बेगिमायस, मामाचे अ. उ. आ.

मामी अल्माटीला पोचली. शिर्दाकपुढे उभी राहून काढलेला फोटो मेलवर धाडलाय म्हणते. तो छापून उद्या सणाला दुकानात लावायचाय, पण दिसेल तर! सकाळी तुल्पारने विचारलं, साफसफाई करू का. नौरूझ आलाय, घरोघरी तेच चाललंय, म्हटलं कर. याने पासवर्डही झाडून टाकला.

तिला फोन केला तर म्हणते, तुम्हीच ओळखा, आणि हसत सुटते. आबांचं नाव पुन्हा घालून पाहिलं. मग त्यांच्या वरच्या साती पिढ्या घातल्या, लहानपणी पाठ केल्या त्या आज उपयोगी पडतील वाटलं. घोड्याचं घातलं. शेजारच्या साबिरकुलचंही घातलं, आणि ते चूक निघालं तेव्हा जरा बरं वाटलं. आता यंत्राने पुन्हा बाहेर बसवलंय.

फक्त माझं नाव तेवढं घातलं नाही. मागच्या खेपेला झालं ते हसं पुरे, आता अक्कल आलीय.

तुला काही सुचलं तर झोल्दोशबरोबर लगेच कळव. आणि मामाची आठवण कुणी साफ करू का विचारलं, तर नको म्हण.

तुझा मामा कालमुर्झा